मोत्यांची प्रतवारी

आगोच्या खाडीवर आमची खिडकी उत्तरेला.
दक्षिणेचं ऊन मोत्याविषयी खोटं बोलतं,
म्हणून हाच उजेड, हाच पांढरा कपडा,
आणि चिमट्यात एकेक दाणा:
गोल, जवळजवळ गोल, थेंबासारखा, वेडावाकडा.
अठरा वर्षं.
चिझुरूची नजर फसत नाही, असं इसोबे मालकीणबाई
गिऱ्हाइकांना सांगतात.

घरी तसलाच आणखी एक चिमटा आहे.
पहाटे, नवरा उठायच्या आत,
हनुवटीवरचे केस.
काळे, राठ, दुसऱ्या कुणाचे वाटावेत असे माझे.

भिंतीवर मच्छीमार सोसायटीचं कॅलेंडर.
भरती-ओहोटी मिनिटासकट छापलेली,
आणि त्यावर माझ्या लाल खुणा:
फेब्रुवारीत एक. मे महिन्यात एक.
मग चौऱ्याण्णव दिवस कोरे.
मग सप्टेंबर, मग पुन्हा कोरं,
आणि डिसेंबरात, ऐन मोती काढायच्या दिवसांत,
अकरा दिवस, थांबेचना.

पाळी म्हणजे खरं तर आपला नंबर.
पोस्टात येतो, रेशनच्या रांगेत येतो,
कधी ना कधी येतोच.
माझा नंबर पुकारणारी बाई
खिडकी लावून कुठे गेली, कुणाला ठाऊक.

आई पाणबुडी होती. शेवाळ, शंख, एका दमात.
म्हणायची, माझी पाळी समुद्राला विचारून यायची,
तुझी कुणाला विचारते?
जाऊ म्हणाली, बसून बसून होतं.
मी काही म्हटलं नाही. मी बसूनच होते.

इसेच्या दवाखान्यात डॉक्टर मिनेगिशी,
वयाने माझ्याहून लहान, हात गार.
पडद्यावर करड्यात काळे गोल, कडेकडेने.
याला मोत्यांची माळ म्हणतात, ती म्हणाली,
मग माझ्या अर्जावरचा व्यवसाय वाचून थबकली.

मी मोजले. तेरा.
मोती नाहीत हे, मी म्हटलं.
मोती आतपर्यंत भरीव असतो. हे पाण्याचे.
आणि काळा मोती आमच्या खाडीत निघत नाही.

बरोबर, ती म्हणाली, आणि गाठीही नाहीत.
बीजं आहेत, वाढायला निघालेली.
दर खेपेला एकाने पुढे व्हायचं, बाकीच्यांनी जिरून जायचं.
तुमची सगळी दारात उभी आहेत,
आधी तुम्ही, नाही, आधी तुम्ही, करत.

मला हसू आलं. तिलाही.
मग तिने कागद उलटा करून चित्र काढलं:
इन्सुलिन हाक मारतं, अंगाला नीट ऐकू येत नाही,
म्हणून ते आणखी मोठ्याने ओरडतं,
त्या ओरड्याने बीजकोश पुरुषी रस जास्त करतात.
म्हणून हनुवटी.
म्हणून ही, असं म्हणत तिने
माझ्या मानेच्या मागच्या काळ्या घडीवर बोट ठेवलं.

मळ नाही?
नाही. कधीच नव्हता.

पाळी आली नाही म्हणजे सुटलो, असं समजू नका.
आत अस्तर साठत राहतं.
तीन महिन्यांवर जाऊ द्यायचं नाही,
या गोळ्या दहा दिवस, मग येईल.
साखर तपासू. मूल हवं असेल तर तेही बोलू, दार बंद नाही.
अस्तराचं मला सांगू नका, म्हणणार होते.
थरावर थर, तेच तर आम्ही विकतो.

वेड्यावाकड्या मोत्यालाही किंमत असते,
असं आता कुणीतरी म्हणेल.
असते. कमी असते.
भाव मी लावते, मला विचारा.

आई सातव्या वर्षापासून माझी मान घासायची,
न्हाणीत, जाड्याभरड्या कापडाने, लाल होईपर्यंत,
पोर स्वच्छ दिसावी म्हणून.
ती गेल्यावर मी घासली. वीस वर्षं.

काल रात्री कापड हातात घेतलं.
पुन्हा खुंटीला टांगलं.
मानेवर नुसतं पाणी ओतलं.
गरम होतं.