कोमट

बारा तास बीटच्या ढिगापाशी उभी राहून
सकाळी ट्रेलरचं दार ओढलं
तेव्हा बोटं माझी नव्हती, हातमोज्यांची होती.
शॉवरची तोटी लाल खुणेकडे फिरवली.
आलेलं पाणी गारही नव्हतं;
गार असतं तर निदान शिवी देता आली असती.
कोमट.
नाइलाजानं विचारलेल्या खुशालीसारखं.

ओडेल म्हणाला, गॅस संपला असेल.
ओडेल माझा भाऊ. तो दिवसपाळीला, मी रात्रपाळीला.
एकाच पलंगाची ऊब आम्ही पाळीपाळीनं वापरतो
आणि आईचं घर विकल्यापासून बोलतो फक्त
पाव, किल्ल्या, गॅस.

किटलीभर कढत पाणी सिलिंडरवर ओतलं, हात फिरवला.
कमरेपासून खाली पत्रा गारठलेला.
म्हणजे अर्धा भरलेला.
म्हणजे गॅस नाही.
तीन दिवस मी काखा फडक्यानं पुसल्या
आणि मायनॉटच्या त्या म्हाताऱ्याला मनात लाखोली वाहिली
ज्यानं हे चाकांवरचं खोकं आमच्या गळ्यात मारलं,
आणि त्याच्याहून जास्त, कागदावर सही करणाऱ्याला.

चौथ्या दिवशी ऊन तापलं.
बीटला गरम सोसत नाही, ढिगात कुजतं,
म्हणून साऱ्या खोऱ्यातलं काम थांबवलं.
चौदा नंबरचा व्हर्लिन गुडघा धरत आला,
आर्कान्सॉचा, सतरा हंगाम पाहिलेला,
खिशात तीन पाने आणि एक दात घासायचा ब्रश.

त्यानं बाहेरची झडप उघडली.
टिक टिक टिक, मग भक्‌.
"निळी आहे," म्हणाला. "पिवळी असती तर नळीत कोळी."
तरी तार घालून त्यानं जाळं काढलंच,
आत एक सुकलेला कोळी, पाय पोटाशी घेतलेला.
पलंगाखालची फळी काढली,
हिवाळ्यात टाकीला वळसा घालणाऱ्या तोट्या पाहिल्या.
जागच्या जागी.
मग टाकीच्या सुटकेचा खटका उचलला
आणि मनगट झटकत मागे सरला.
उकळतं होतं.

"टाकीत आग आहे," तो म्हणाला,
"वाटेत कोणीतरी गार मिसळतंय."

मी ओडेलकडे पाहिलं.
ओडेल माझ्याकडे.

"बाहेरचा शॉवर कुठाय?"
असतो, हे मी विसरले होते.
मागच्या बाजूला, चाकाच्या वर, वीतभर दार.
आत दोन्ही तोट्या सताड उघड्या,
आणि नळीच्या टोकाचं बटण तेवढं दाबलेलं.
बाहेर थेंब नाही.
बाहेरून पाहणाऱ्याला सगळं बंद.
आणि आत लाल पाणी निळ्यात, निळं लाल्यात,
दिवसरात्र, आवाज न करता.

तोट्यांवर काळी माती वाळली होती,
तिच्यात बोटांच्या रेघा. बारीक बोटं.
पहिल्या रात्री बूट धुतले होते मी.
बोटभर चिखल होता, वारा होता,
अंगठ्यानं बटण दाबलं, पाणी थांबलं,
मला वाटलं, झालं.

"उघडं कोणी ठेवलं?" ओडेलनं विचारलं.
व्हर्लिन पाने पुसत होता, एकेक, फार सावकाश.
"वारा," म्हणाला. "इथला वारा वाईट."
ओडेल माझ्या बुटांकडे बघत राहिला.
काही बोलला नाही.
मग हसला, नाकातल्या नाकात,
लहानपणी जेवणाच्या टेबलाखाली हसायचा तसा.

टाकी सहा गॅलनची.
पाठीवर पहिली धार पडली आणि मी ओरडले,
भाजलं म्हणून, की आलं म्हणून, सांगता येणार नाही.
केसांत अजून फेस होता.
निम्म्यावर असेन, तेव्हा तोटी बंद केली
आणि दारातून हाक मारली,
"ये लवकर,
गरम आहे."