रेडकू

इलियासनं चाळीस बादल्या टांगल्यात
बंद पडलेल्या ऑइल मिलमध्ये, तारांवर, कमी-जास्त उंचीवर.
प्रत्येकीच्या बुडाशी एक स्पीकर.
आत शिरलं की अंधारात धार वाजते,
आधी पत्र्यावर, मग दुधावर, मग फेसात बुडालेली.
माझाच विद्यार्थी. बडोद्याला जाऊन आला.
चांगलं केलंय.
नावं ठेवायला जिभेवर काही येईना.

मलाही बोलावलं होतं. ‘सर, तुमचं एक पेंटिंग हवंच.’
जागा मिळाली बाहेर पडायच्या दाराशी,
आग विझवायच्या लाल सिलिंडरशेजारी.
लाल इतका दांडगा
की माझा पांढरा तीन दिवस खोकत राहिला.

क्युरेटर बाईंनी माईक पुढे केला :
आजच्या काळात रंगवायचं कशासाठी?
‘सवय आहे,’ म्हणालो. सगळे हसले.

खरं तर एवढंच ठाऊक होतं
की गंगावेशीच्या कट्ट्यावर रात्री साडेनऊला
ग्लासातल्या फेसावर दिव्याचा जो पांढरा पडतो
तो झिंकमध्ये नाही, टायटॅनियममध्ये नाही,
चिमूटभर गेरू घातला की जवळ येतो
आणि लगेच मळतो.
सतरा दिवस त्याच्या मागे होतो.
आपल्याला घाई आहे म्हणून
जवसाचं तेल वाळत नाही.
पण हे माईकवर कसं सांगायचं?
उत्तर वाटत नाही ते, पाककृती वाटते.

शेवटच्या दिवशी सर्जेराव आला.
कट्टा त्याचा, म्हस त्याची.
बादल्यांखाली डोळे मिटून थांबला.
‘हात चांगला हाय,’ म्हणाला, ‘कुणाचा हो?’
ते इलियासलाही माहीत नव्हतं.

मग माझ्यापुढं आला, हात मागं बांधून,
बाजारात जनावर बघतात तसा.
‘मास्तर, रेडकू कुठाय?
रेडकाबिगर म्हस पान्हावंल व्हय?’

होतं. चौथ्या दिवसापर्यंत होतं,
डाव्या कोपऱ्यात, दाव्याला ओढ देत.
सगळं चित्रच तिकडं कलंडत होतं,
म्हणून बर्न्ट अंबरनं झाकून टाकलं.

‘खाली आहे,’ म्हणालो.
तो वाकला, तिरका झाला, उजेडाच्या बाजूला सरकला,
जिथं रंगाचा थर जरासा उचललाय
कानाएवढा.
‘व्हय,’ म्हणाला. ‘हाय की.’

मागं चाळीस बादल्यांत धार पडत होती,
दर सहा मिनिटांनी
पुन्हा पत्र्यापासून.