आस

कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं,
केव्हापासून?
मी म्हटलं, मांजरेकर निवृत्त झाले तेव्हापासून.
मच्छीमार सोसायटीत डिझेल परताव्याचं टेबल त्यांचं,
वसुलीचं माझं.
त्यांच्या जागी कुणी आलं नाही,
त्यांची खुर्ची तेवढी माझ्या खुर्चीला येऊन चिकटली.
आता एकशे बारा बोटींची नावं वाचते
आणि एकही वाचलेलं नसतं.
रविवारी दुपारीच सोमवार छातीवर येऊन बसतो.
घरी कुणी विचारलं, आज आमटी की तिखलं,
तर रडू येतं.
बांगड्यावरून रडू येतं, डॉक्टर.

त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या,
आणि त्याच्या आधी?

आधीचं कधी कुणी विचारलं नव्हतं.

प्रगतिपुस्तक पत्र्याच्या पेटीत सापडलं.
तीन तास लागले, कारण मध्येच जुनी नाणी हाताला लागली
आणि मी ती सालांप्रमाणे लावत बसले.
चौथी: हुशार आहे. लक्ष नसते.
पाचवी: लक्ष दिल्यास पहिली येईल.
सहावी: दप्तर पुन्हा समुद्रावर विसरली.
सातवीत शेराच नाही.
बाई थकल्या असतील. त्यांना कोण विचारणार, केव्हापासून.

लहानपणी पाहिलेलं माणूस आणा म्हणाल्या होत्या,
म्हणून आई आली.
पदर सारखा करून, कोर्टात उभी असल्यासारखी बोलली:
"ह्या एकाच पायात चप्पल घालून घराक येयचा.
दुसरी खय म्हटलं, तर दोन्ही पायांकडे बघायचा.
पण शिंपले येचूक बसला काय मगे
हाक मारा नायतर ढोल वाजवा."
मी हसले.
मग बराच वेळ पेपरवेटकडे बघत राहिले.

एडीएचडी आणि बर्नआउट, डॉक्टर म्हणाल्या,
एकमेकांचे कपडे घालून येतात.
घाई नको करू या.
थकव्याला तारीख असते,
दुसऱ्याची तारीख म्हणजे तुमचीच जन्मतारीख.
महिनाभर रजा घ्या. काय ओसरतं, काय उरतं, बघू.

दहा दिवस नुसती झोपले.
अकराव्या दिवशी बांगडा बांगड्यासारखा लागला.
विसाव्या रात्री शिलाई मशीन उघडलं,
तीन वाजेपर्यंत स्क्रू न स्क्रू मांडला, तेल दिलं,
पुन्हा जोडलं, चालवलं, आणि तहान लागलीय हे तेव्हा कळलं.
सकाळी दुधाचं पातेलं जळलं.
चाव्या फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात,
गार, निवांत.
हे पाहुणं नव्हतं तर. हे घरातलंच.

संध्याकाळी दांडीवर गेले.
पास्कू वाळूत पाय पसरून, जाळं अंगठ्याला ताणून बसलेला.
एवढी भोकं, म्हटलं, कधी शिवून होणार?
"खयची भोकां? ह्या फाटलेला. त्यो आस."
आस. जाळ्याचा, पुल्लिंगी. मनाची नव्हे.
"आस मुद्दाम मोठो. पेडवे सुटतले, सुरमय गावतली.
आस शिवत बसलंस तर जाळ्याची गोणी होतली."
आणि फाटतं कशानं?
त्यानं वर न बघता सांगितलं,
"ह्याच जाळा घेवन रोज पेडव्यांच्या मागे गेलंस,
खडकार ओढलंस,
फाटतला नाय तर काय?"

सतरा वर्षं, मी मनात मोजलं.
सतरा वर्षं परताव्याचे पेडवे.
एकेक सुटलेला मीच मोजला, रात्री, अंथरुणात,
आणि दिवसभर आसच शिवत राहिले,
फाटलं तिकडे बघितलंच नाही.

त्यानं मला एक टोक धरायला दिलं. धरलं.
पाणी काळं होत गेलं, बर्फाची गाडी आली आणि गेली.
डॉक्टरांची पुढची तारीख मंगळवारची.
विसरू नये म्हणून तळहातावर लिहिली होती, ठळक, निळ्या पेननं.
पास्कूला विचारलं, आज सोमवार ना?
त्यानं दातानं धागा तोडला.
"बुधवार," म्हणाला.