निळं होण्याची वेळ

कौतिकभाऊंनी बाहेरचा दिवा घालवला,
दाराखालच्या फटीत गोणपाट सरकवलं.
आता खोलीत मशीनच्या पंख्याची घरघर
आणि काचेवर, ओल्या अंधारात,
चौदा-पंधरा पेशींची जिवंत वस्ती.

रंग सकाळीच आत सोडला होता.
सात महिने घडवलेला रेणू, चार वेळा फसलेला.
पाचव्यांदा बागूल मॅडम म्हणाल्या,
"बघ, हा तरी बोलतोय का."
त्याला शिकवलंय एवढंच :
एरवी लाल राहून गप्प बसायचं,
गंधकाचं ते उतावळं पोर अंगाला खेटलं
की निळं होऊन सांगायचं.

पिंपळगावच्या पॅकहाऊसात आई
द्राक्षांच्या पेटीवर कागद अंथरते.
कागदात भुकटी, भुकटीतून वायू.
माल रॉटरडॅमपर्यंत टवटवीत जातो,
आई खोकत घरापर्यंत.
"काही नाही गं, वास बसलाय नाकात."
फेब्रुवारी ते एप्रिल तिच्या पदराला
नुकत्या ओढलेल्या काडीचा वास.

दहा मायक्रोलीटर टाकले.
एक मिनिट. दोन. काहीच नाही.
गंगापूर रोडवरून वरात गेली,
बँजोचा ठोका टेबलात उतरला, चित्र थरथरलं.
मग कडेची एक पेशी...
कसं सांगू,
आतून कुणी खिडकी ढकलावी तशी
निळी.
मग तिची शेजारीण.
मी ओरडले नाही. वहीत लिहिलं :
चार मिनिटं वीस सेकंद.

पण बघावं तितका रंग उडतो.
ज्या उजेडात दिसतो त्याच उजेडात जळतो.
साठाव्या चित्रात वस्ती अंधुक,
जणू कुणी काही बोललंच नव्हतं.

आणि दुसरी बशी,
जिच्यात मी काहीच घातलं नव्हतं,
तिथंही कोपऱ्यात किंचित निळसर.
पेशी स्वतःही थोडं बनवते,
जगण्याच्या रोजच्या हिशेबात.
मग यातलं तिचं किती
आणि पेटीतून आलेलं किती,
हे माझा रेणू सांगत नाही. त्याला तेवढं येत नाही.

साडेदहाला फोन लावला.
"दिसलं," म्हटलं.
"काय?"
"तुझ्या पेटीतला वास."
ती हसली, हसता हसता खोकली.
"वास दिसतो होय! कसला असतो?"
"निळा."
"काळ्या द्राक्षावर असते तशी झाक?"
हो म्हणून मोकळी झाले.
मग चित्र पुन्हा उघडलं.
तसा नव्हता.