अष्टमीचं उधाण

त्रेचाळीस पेपर. त्रेचाळीस वेळा एकच वाक्य:
'अष्टमीला समुद्रास उधाण येते.'

'समुद्रास'मधला जुनाट स तोच,
पूर्णविराम तिथेच,
आणि चूकही तीच, माझी.
ऑगस्टमधली दुपार, जेवणानंतरचा तास,
मी बोलत होते, पंखा बोलत होता,
भांगाच्या जागी तोंडून उधाण निघून गेलं.
एकही पेन अडखळलं नाही.

खिडकीबाहेर देवगडची खाडी होती.
अष्टमीच असावी त्या दिवशी. पाणी मरगळलेलं,
ना धड आत, ना धड बाहेर.

एकोणीस वर्षं घास भरवत आले,
आधी स्वतः चावून, मग.
'लिहून घ्या' म्हटलं की माना खाली,
'पुढे' म्हटलं की पान उलटलेलं.
निकाल उत्तम. विद्यापीठाचं पत्र फ्रेममध्ये.
झेरॉक्सवाल्या पेडणेकरांकडे माझी वही
तयारच असते, चाळीस रुपये, स्पायरलसकट.

गौरेश कोयंडेला बोलावलं.
घरच्या दोन होड्या; पहाटे जाळी उतरवून
मग तो तासाला येतो.
"अष्टमीला उधाण?"
"तुम्हीच सांगितलंत, मॅडम."
"आणि तुमची होडी? ती काय बघून सुटते?"
तो गोंधळला, आणि घरची बोली तोंडात आली:
"होडी काय परीक्षेक बसता?"

त्या रात्री त्या प्रश्नाचे मार्क
दिले नाहीत, कापलेही नाहीत.
कापायचे कुणाचे?

सोमवारी वही घरी ठेवून गेले.
रिकाम्या हातांचं काय करतात, ते आठवेना.
विचारलं, उद्या जेटीखालची कालवं
किती वाजता उघडी पडतील?
शांतता. मग मागच्या बाकावरून:
"मॅडम, हे इम्पॉर्टंट आहे का?"

आठवड्यात प्राचार्यांकडे अर्ज, पंधरा सह्यांचा:
मॅडम हल्ली शिकवत नाहीत.
खोटं नव्हतं ते.
मलाच मोकळा फळा सोसत नव्हता,
दोनदा तर 'लिहून घ्या' ओठांपर्यंत येऊन
परत गेलं, शिंकेसारखं.

मग एकदा गौरेशनंच, कुणी न विचारता, सांगितलं:
आजोबा तिथीची पाऊणपट करतात.
चतुर्थी, चार पाऊण तीन, तीनला पूर्ण भरती.
अष्टमी, आठ पाऊण सहा.
दोघं-तिघं हसली.
"पण पाऊणच का?"
आफरीन सोलकर, पेनाचं टोपण चावत.

सगळी तोंडं माझ्याकडे वळली,
घरट्यातल्यासारखी, उघडी.
उत्तर माझ्याजवळ होतं.
गिळलं.

मग हिशेब: मोबाइलवर, बाकावर, तळहातावर.
कुणी चंद्राला पृथ्वीभोवती उलटा फिरवला,
कुणी त्यावरून भांडलं. माझा आवाज
त्यात कुठेच लागला नाही.
पंधरा तिथ्या, बारा तास.
"मॅडम, तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं येतात.
पाऊण म्हणजे पंचेचाळीस.
दर तिथीला तीन मिनिटं उरतात."
"मग?"
"मग ती जातात कुठे?"

घंटा झाली.
नऊ-दहा जण उठलेच, त्यांची एसटी होती.
आफरीन अजून भागाकार तपासत होती.
गौरेश घड्याळ लावून जेटीकडे निघाला,
आजोबांना खोटं पाडायला
की खरं,
ते त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं.