जोडाक्षर

पहिल्या दिवशी नातिया डेक्कनला उतरली
आणि डेक्कन कॉलेज शोधत फिरली.
तासाभरानं एका छत्री दुरुस्तवाल्यानं सांगितलं,
ते डेक्कनला नाही, येरवड्याला आहे.
का? तिनं विचारलं.
त्यानं तिची छत्री उघडली, एक काडी सरळ करून दिली,
उत्तर दिलं नाही.
हे तिनं मला रात्री सांगितलं,
मागच्या खोलीत बॅग उपसताना,
आणि मग मला विचारलं, का?

जुलै होता. म्हटलं, पाच महिने ही असंच विचारणार.
विचारलंच.
खुर्ची ती का, टेबल ते का, पंखा तो का,
पंख्याला कुणी सांगितलं?
तिच्या भाषेत तो नाही, ती नाही, ते नाही,
सगळ्यांना मिळून एकच शब्द.
मी तीस वर्षं प्रुफं तपासली,
पंख्याचं काही सांगता आलं नाही.

सोसायटीत विचारायचे, जॉर्जिया म्हणजे अमेरिकेतलं ना?
ती म्हणायची, नाही, दुसरं.
'दुसरं' हा शब्द तिला फार लवकर आला.

ळ आला नाही.
वहीत सुरेख काढायची,
दोन घागरी खेटून ठेवाव्यात तसा,
पण तोंडात घेतला की त्याचा ल व्हायचा.
सकाली दोन केली खाल्ली.
ताई, वेल झाला, निघते.
भाजीवाली वच्छला तिच्याकडून मुद्दाम वदवून घ्यायची, कोहला,
आणि पिशवीत चार मिरच्या जास्त टाकायची.

माझं नाव मात्र तिनं पहिल्या झटक्यात घेतलं.
ज्योत्स्ना.
त् वेगळा, स् वेगळा, दोन्ही ऐकू येणारे.
बिल्डिंगमध्ये मी जोस्ना. बँकेत जोत्सना.
ह्यांनीही, जाईपर्यंत, जोस्नाच म्हटलं.
आईनं हौसेनं ठेवलेलं नाव
बावन्न वर्षांनी कुणीतरी पुरतं उच्चारलं,
मी हातातला कप खाली ठेवला.

कसं जमलं गं?
सोपं आहे, म्हणाली, आमच्या गावात पण हेच आहे.
आणि गावाचं नाव सांगितलं: म्त्स्खेता.
चार व्यंजनं एकमेकांच्या खांद्यावर,
मग कुठे एक स्वर, उशिरा, धापा टाकत.
मला नाही जमलं. मत्सखेता. मच्छखेता.
ती हसायची नाही. म्हणायची,
ताई, मध्ये श्वास घेऊ नका.

डिसेंबरात परीक्षा झाली.
सायकल नाना पेठेत विकली, घेतली त्याच दुकानात,
साडेसातशे तोटा.
लायब्ररीचं डिपॉझिट परत मिळवायला तीन दिवस खेटे घातले.
तिसऱ्या दिवशी घरी आली, चप्पल काढली,
आणि का, असं विचारलं नाही.
तेव्हा मला कळलं, ही आता इथली झाली,
आणि आता जाणार.

पहाटे अडीचला लोहगावसाठी गाडी आली.
ड्रायव्हरनं ओटीपी विचारला.
एकोणसाठ, एकोणऐंशी, ती म्हणाली, ऐटीत.
तो म्हणाला, मॅडम, इंग्लिशमध्ये सांगा ना.
आम्ही दोघी इतक्या हसलो की वॉचमन उठून बसला.
येते, म्हणाली.
मीच शिकवलेलं.
व्याकरणात एकही चूक नव्हती.

फ्रिजमध्ये आलुबुखाराची चटणी आहे,
बाटलीवर तिच्या अक्षरात, आंबट. सांभाळून.
दोन घागरी, खेटून.

आज कुरिअरवाला आला. जोस्ना कोण?
म्हटलं, मीच.
सही करताना पेन त्स्‌पाशी अडखळलं.
तो जिना उतरून गेल्यावर
दाराची कडी धरून, श्वास न घेता,
मी म्हणून पाहिलं: म्त्स्‌
आणि वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं,
जोस्नाताई, शिंकलात का?