दोन नंबरचं तोंड

बर्फ कारखान्याच्या माळ्यावर, आचरा बंदराला,
एक जुना संगणक आहे. काळा पडदा, पांढरी अक्षरं,
खारानं करकरणारा पंखा.
रात्री दोनला तो आपला आपण उठतो,
शीतगृहाच्या सहा खोल्यांना विचारतो, थंड आहे ना?
आणि सकाळी अध्यक्षांना कागद जातो: सर्व ठीक.

खाली ओट्यावर इंदुमती तारी इसवण आपटते.
"ह्यो बर्फ न्हय गो, पेज आसा.
चार म्हयने सांगतंय."
मी तिला कागद दाखवते.

काल धुरींची स्क्रिप्ट पहिल्यांदा नीट वाचली.
अकरा ओळी, त्यांच्या सहीसारख्या स्वच्छ.
शेवटच्या ओळीच्या टोकाला दोनचा आकडा, मग बाण,
मग स्लॅश डेव्ह स्लॅश नल.
नळ नव्हे, नल.
नळातून कधीमधी काही येतं तरी.

प्रोग्रामला बोलायला दोन तोंडं असतात.
एक कामाचं सांगतं, दुसरं काय बिघडलं ते.
पडद्यावर दोन्ही एकत्रच सांडतात,
भरतीला खाडीच्या मुखाशी
गोडं नि खारं पाणी मिसळतं तशी.
डोळ्याला फरक दिसत नाही. जिभेला कळतो.

धुरी हल्ली कणकवलीला, लेकाकडे. फोनवर हसले.
"रात्री दोनला मेल जायची, अध्यक्षांची झोप मोडायची.
म्हणाले, बंद कर. केलं."
मग जरा थांबून,
"तार बदलायला पैसे मागितले होते मी.
ते कुठे लिहिलेलं नसेल."

मी नल खोडला. तिथे फाइलचं नाव घातलं: चुका.
एकच बाण ठेवला तर आजची चूक
कालचीला पुसून तिच्या जागी बसते.
म्हणून दोन बाण.

सकाळी उघडली. आरडाओरडा काही नव्हता.
खोली चार: उत्तर नाही.
खोली चार: उत्तर नाही.
खोली चार: उत्तर नाही, मागचाच आकडा धरला.
मागचा म्हणजे कार्तिकातला.
उणे अठरा. शिमगा आला तरी उणे अठरा.

छापून खाली नेलं.
इंदुमतीनं ओल्या हातानं धरलं, शाई पसरली.
"माका कित्याक दाखवतंस? माका ठावक होता.
तुका कळला, बरा झाला."
आणि कागदाची घडी घालत,
"आणखी आसत काय असले?
सुंगटां बांधूक होये."